पाऊस घडविणारे अरण्य



वसंत व्याख्यानमालेचे दिवस हे उन्हाळ्याचे दिवस. घरोघरी पाण्याचा हिशेब सुरू झालेला असतो, विहिरींचे तळ दिसू लागलेले असतात, आणि यंदा पाऊस कसा पडेल ह्याची बोलणी ओट्याओट्यावर चाललेली असतात. अशा दिवसांत पावसासंबंधी चार गोष्टी सांगणे अप्रस्तुत ठरू नये. मात्र ज्या पावसाविषयी मी बोलणार आहे तो आपल्या आकाशातला नाही. तो पडतो दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात. किंबहुना तो पडतो असे म्हणण्यापेक्षा तेथील अरण्य तो पाडते असे म्हणणे अधिक खरे आहे. अरण्य पाऊस कसे पाडते, ते तोडले म्हणजे काय होते, आणि त्या तोडीचे दुःख शेवटी कोणाच्या वाट्याला येते, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम त्या अरण्याचा विस्तार ध्यानी घ्यावा. आपल्या भारत देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आहे. ॲमेझॉनचे पर्जन्यारण्य सुमारे ५५ लाख चौरस किलोमीटरांचे होते. म्हणजे दीड भारताहूनही मोठे. त्यातला सुमारे ६० टक्के भाग एकट्या ब्राझीलमध्ये येतो आणि उरलेला पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया इत्यादी शेजाऱ्यांकडे. जगातल्या सर्व नद्या मिळून समुद्रात जेवढे गोडे पाणी ओततात, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा ही एकटी नदी ओतते. ‘होते’ हे क्रियापद मी मुद्दाम वापरले. कारण ब्राझीलच्या वाट्याच्या अरण्यापैकी अंदाजे ८ लाख चौरस किलोमीटर अरण्य आजवर साफ झाले आहे. आपला महाराष्ट्र तीन लाखांच्या किंचित वर आहे. अडीच महाराष्ट्र मावतील एवढे रान, आणि तेही बहुतेक गेल्या साठ वर्षांत, माणसाने जमीनदोस्त केले.

ॲमेझॉनचे नाव निघाले की ‘पृथ्वीचे फुप्फुस’ हा शब्दप्रयोग हटकून ऐकू येतो. जगाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी २० टक्के प्राणवायू हे अरण्य पुरविते असेही सांगितले जाते. हे विधान कानाला गोड लागते, पण ते बरोबर नाही. झाडे दिवसा प्राणवायू सोडतात हे खरे. पण तीच झाडे रात्रंदिवस श्वासही घेतात, आणि खाली पडलेला पालापाचोळा कुजविणारे असंख्य जीवजंतूही प्राणवायू खर्च करतात. जमाखर्च मांडला तर शिल्लक जवळजवळ शून्य राहते. आपण श्वास घेतो तो प्राणवायू कोट्यवधी वर्षांच्या साठ्यातला आहे आणि तो इतक्यात संपणारा नाही. हे मी एवढ्यासाठी सांगतो की, खोट्या कारणाने केलेली चांगली वकिली पुढे अंगलट येते. अरण्य राखण्याची खरी कारणे भक्कम आहेत. त्यांना अतिशयोक्तीचा टेकू नको.

त्यातले पहिले कारण पाऊस. ‘झाडे असली की पाऊस पडतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते एक सुभाषित म्हणून म्हणतो. ॲमेझॉनच्या बाबतीत ते मोजून सिद्ध झाले आहे. एनेआस सालाती ह्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात हे काम केले. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. काही किंचित जड असतात. ढगातून पाऊस गळू लागला की हे जड रेणू आधी गळतात. पंगतीत मसालेभात वाढताना वरवरचे काजू पहिल्या दहा पानांवरच संपतात आणि शेवटच्या पानाला नुसता भात मिळतो, तसा हा प्रकार. तेव्हा समुद्रापासून जसजसे आत जावे तसतसे पावसाच्या पाण्यातले जड रेणू झपाट्याने कमी होत जावयास हवेत. सालातींनी ठिकठिकाणचे पाणी तपासले, तेव्हा ही घट अपेक्षेपेक्षा फारच थोडी आढळली. शेवटच्या पानावरही काजू दिसत असतील तर वाटेत पातेले पुन्हा भरले जात आहे असेच म्हटले पाहिजे. हे पातेले भरीत होते अरण्य. मुळांनी शोषलेले पाणी झाडे पानांवाटे वाफेच्या रूपाने परत आकाशात सोडीत होती. खोऱ्यात पडणाऱ्या पावसापैकी जवळजवळ निम्मा पाऊस अशा रीतीने त्या खोऱ्यातच पुन्हा निर्माण होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ही क्रिया कशी चालते पाहा. अटलांटिक महासागरावरून वारे ओलावा घेऊन पश्चिमेकडे येतात. किनाऱ्याजवळ पाऊस पडतो. झाडे ते पाणी पितात आणि वर सोडतात. वारे ती वाफ आणखी आत नेतात. तेथे पुन्हा पाऊस, पुन्हा वाफ. समुद्रातून आलेले पाणी अशा प्रकारे पाच-सहा वेळा पडत-उठत अँडीज पर्वताच्या पायथ्याशी पोहोचते. मोठ्या विस्ताराचे एकेक झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी वर चढविते. संपूर्ण अरण्य दररोज सुमारे २० अब्ज टन पाणी आकाशात सोडते, आणि खुद्द ॲमेझॉन नदी समुद्रात रोज सुमारे १७ अब्ज टन ओतते, असा ब्राझीलच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे जमिनीवरून वाहणाऱ्या नदीपेक्षा मोठी एक नदी झाडांच्या डोक्यावरून वाहत असते. तेथे तिला ‘उडत्या नद्या’ असे नाव पडले आहे. ह्या नद्या अँडीजच्या भिंतीला अडतात आणि दक्षिणेकडे वळतात. बोलिव्हिया, पराग्वे, दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिना ह्या मुलखांना पाऊस देतात. नकाशा उघडून पाहिलात तर साओ पावलो शहराच्या अक्षांशावर एका बाजूला चिलीचे आटाकामा वाळवंट आहे आणि दुसऱ्या बाजूला आफ्रिकेचे नामिब वाळवंट. मध्ये मात्र ऊस, कॉफी आणि सोयाबीन डोलते. ही हिरवाई ज्यांच्यामुळे टिकली, त्यांत ॲमेझॉनच्या अरण्याचा वाटा फार मोठा आहे.

आता दुसरी गोष्ट, जमिनीची. एवढे घनदाट रान जेथे माजते तेथली माती सोन्यासारखी असली पाहिजे असे कोणालाही वाटेल. नांगरधारी माणसाची नेमकी येथेच फसगत होते. हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने तेथल्या बहुतेक जमिनीतले कस केव्हाच धुऊन नेले आहेत. सगळी दौलत आहे ती झाडांच्या अंगात आणि खालच्या पाचोळ्याच्या पातळ थरात. पान गळले, कुजले, की त्याचे सत्त्व मुळे लागलीच वर ओढून घेतात. जमिनीच्या खात्यावर काही शिल्लक पडतच नाही. अशा ठिकाणी झाडे तोडून जाळली की राखेवर दोन-तीन वर्षे पीक बरे येते. पुढे पाऊस ती राख धुऊन नेतो, ऊन माती भाजून काढते, आणि शेतकरी पुढचे रान तोडावयास निघतो.

हेन्री फोर्ड ह्या मोटारींच्या कारखानदाराने ह्याच अरण्यात रबराचे मळे उभारण्याचा घाट १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घातला. त्याने ‘फोर्डलांडिया’ नावाचे गाव वसविले, पैसा ओतला, झाडे ओळीत लावली. रबराचे झाड मूळचे तिथलेच! परंतु जंगलात ते एकमेकांपासून दूर दूर उगवते, म्हणून पानांवरची रोगराई एका झाडावरून दुसऱ्यावर सहज जात नाही. मळ्यात झाडाला झाड लागले आणि करप्याने मळेच्या मळे उजाड केले. १९४५ मध्ये सारा प्रकल्प मातीमोल भावाने ब्राझीलच्या सरकारला परत विकावा लागला. झाडे पुष्कळ लावली म्हणजे अरण्य होत नाही, हा धडा एका धनाढ्य माणसाने स्वखर्चाने जगाला घालून दिला.

मग हे अरण्य तुटू लागले कसे? त्याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर, रस्त्यांनी. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आली. १९७० मध्ये देशाच्या ईशान्य भागात भीषण दुष्काळ पडला, आणि भूमिहीन माणसांना माणसांवाचून पडलेली भूमी देऊ अशी घोषणा करून सरकारने ॲमेझॉन पार करणारा महामार्ग हाती घेतला. भूमी माणसांवाचून पडलेली होती हेच मुळात असत्य होते. त्या अरण्यात हजारो वर्षे माणसे नांदत आली आहेत. त्यांनी कोळसा, राख आणि कुजलेले खत घालून तयार केलेली सुपीक काळी माती आजही ठिकठिकाणी सापडते. पण सत्ताधाऱ्यांच्या लेखी ती माणसे खिजगणतीत नव्हती. रस्ता झाला. रस्त्याला फाटे फुटले, फाट्यांना पुन्हा फाटे. आकाशातून काढलेल्या छायाचित्रांत ही तोड माशाच्या सांगाड्यासारखी दिसते, मधे कणा आणि दोहों बाजूंस काटे.

तोडीचा क्रमही ठरलेला आहे. आधी मौल्यवान लाकूड काढून नेतात. मग उरलेली झाडे पाडून वाळू देतात आणि कोरड्या ऋतूत पेटवून देतात. राखेत गवत पेरतात आणि त्यावर गुरे सोडतात. साफ झालेल्या जमिनीचा फार मोठा भाग गोमांसासाठी पाळलेल्या गुरांच्या चराईखाली आहे. गुरे उभी राहिली की जमीन आपली म्हणून सांगता येते, आणि उभ्या रानापेक्षा साफ केलेल्या जमिनीला बाजारात भाव अधिक येतो. खोट्या कागदपत्रांनी सरकारी जमीन बळकावण्याचा तेथे एक धंदाच होऊन बसला आहे. त्याला तिकडे जे नाव आहे ते रातकिड्यावरून पडले आहे. नवे बनावट खत रातकिडे भरलेल्या पेटीत ठेवायचे, म्हणजे ते पिवळे पडते, कुरतडले जाते आणि पिढीजात वाटते! सातबाऱ्याच्या भानगडी पाहिलेल्या माणसाला ह्या युक्तीचे नवल वाटू नये. सांगावयाचे ते हे की, भुकेकंगाल शेतकरी पोटासाठी झाड तोडतो हे चित्र अपुरे आहे. बरीचशी तोड भूक भागविण्याकरिता झालेली नाही. ती जमिनीच्या सट्ट्याकरिता झालेली आहे.

आता परिणामांकडे वळू. ह्या अरण्याच्या लाकडात, मुळांत आणि मातीत अंदाजे १०० अब्ज टनांच्या घरात कार्बन साठलेला आहे. साऱ्या जगाने कोळसा आणि तेल जाळून सोडलेल्या सुमारे दहा वर्षांच्या कार्बनाएवढा हा साठा होतो. तो हवेत गेला तर पृथ्वीचे तापमान आवरणे कठीणच. ह्याची चाहूल लागलीही आहे. ल्युसियाना गात्ती ह्या ब्राझीलच्या शास्त्रज्ञ विदुषीने २०१० ते २०१८ अशी नऊ वर्षे विमानांतून हवेचे नमुने गोळा केले. २०२१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की अरण्याचा आग्नेय भाग, जेथे तोड सर्वांत जास्त झाली, तो कार्बन शोषण्याऐवजी बाहेर सोडू लागला आहे. जो साठवणारा होता तोच सांडणारा झाला.

दुसरा परिणाम पावसाचा. २००५, २०१०, २०१५-१६ आणि २०२३-२४ असे मोठे दुष्काळ ह्या खोऱ्याने वीस वर्षांत पाहिले. मानाउस शहरापाशी रिओ नेग्रो नदीच्या पातळीची नोंद १९०२ पासून ठेवलेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती पातळी तोवरच्या नीचांकास गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्याही खाली. तेफे सरोवराचे पाणी इतके तापले की २०२३ मध्ये काही दिवसांतच शंभरांहून अधिक डॉल्फिन मेले. ज्या वस्त्यांना नदी हाच रस्ता, त्यांच्या होड्या चिखलात रुतल्या; जगातल्या सर्वांत मोठ्या नदीच्या काठची माणसे पिण्याच्या पाण्यावाचून अडकून पडली. ह्या दुष्काळांचे सगळे पाप जंगलतोडीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. समुद्र तापले आहेत, एल निनोचाही त्यात भाग आहे. परंतु तापलेल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण काढण्याऐवजी त्याची पाण्याची सुरईच फोडावी, तसे काम तोडीने केले आहे.

सर्वांत गंभीर गोष्ट पुढेच आहे. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे ह्या दोन शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये असा इशारा दिला की, २० ते २५ टक्के अरण्य नष्ट झाले तर पुढची तोड माणसाने करण्याची गरजच उरणार नाही. पाऊस घडविणारी झाडे कमी झाल्याने पाऊस कमी होईल. पाऊस कमी झाल्याने उरलेली झाडे वाळतील. आणि जेथे महारान होते तेथे खुरटे माळरान होईल. आजवर एकंदर अरण्यापैकी १७ टक्क्यांच्या आसपास गेले आहे. कर्जबाजारी माणसाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, तेव्हापासून मुद्दल फेडणे दूरच, व्याजावर व्याज चढत जाते. तो दिवस नक्की कोणता ह्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण कड्याची कडा धुक्यात दिसत नाही म्हणून कोणी शहाणा माणूस पाऊल झपाझप टाकीत नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्त आहे. युरोपने आपली जंगले तोडली. इंग्रजांनी आपल्या देशातले साग आणि देवदार जहाजांना आणि आगगाडीच्या रुळांना लावले. ही मंडळी श्रीमंत झाली. मग गरिबी हटवू पाहणाऱ्या ब्राझीलला ‘हात लावू नकोस’ असे सांगण्याचा कोणाला काय अधिकार? मी म्हणेन, परक्याने हुकूम सोडण्याचा अधिकार मुळीच नाही. पण ज्यांचे नुकसान प्रथम होते ते ब्राझीलचेच लोक आहेत. मातो ग्रोसो प्रांताचा सोयाबीन पिकविणारा शेतकरी पावसावर अवलंबून आहे. आपल्या उत्तरेचे रान तुटले तर त्याचाच पाऊस हुकतो. त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यावर होते; नद्या आटल्या तर दिवे त्यांच्याच घरचे विझतात. तोडणारा एक आणि तहानलेला दुसरा, असा हा व्यवहार आहे. नफा आज मोजून घेतला जातो आणि तोटा ज्याच्या माथी बसतो तो शेकडो कोस दूर असतो, किंवा अद्याप जन्मालाच आलेला नसतो.

आणि हे ओळखणारी माणसे ब्राझीलमध्येच निपजली. आक्रे प्रांतात शिको मेंदेस नावाचा रबराचा चीक गोळा करणारा मजूर होता. उभ्या झाडाच्या सालीला चीर देऊन चीक काढायचा तर झाड जगले पाहिजे. त्याची भाकरी झाडाच्या जगण्यावर होती. करवतवाले आले की मेंदेसचे सोबती बायकामुलांसह रानात जाऊन त्यांच्यासमोर निःशस्त्र उभे राहात. आपल्या हिमालयातील चिपको आंदोलनाचीच ही दूरची भावंडे. २२ डिसेंबर १९८८ रोजी मेंदेसला त्याच्या घरापाशी गोळी घालून ठार केले. गुन्हा एका गुरे पाळणाऱ्या जमीनमालकावर आणि त्याच्या मुलावर शाबीत झाला. त्याच चळवळीतली मारिना सिल्वा ही रबर-मजुराची मुलगी. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत तिला अक्षरओळख नव्हती. ती २००३ मध्ये देशाची पर्यावरणमंत्री झाली.

तिच्या कारकीर्दीत उपग्रहावरून तोडीवर नजर ठेवण्यात आली, अधिकारी जागेवर पाठविण्यात आले, विस्तीर्ण प्रदेश संरक्षित ठरविण्यात आले. २००६ मध्ये सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी, नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा माल घेणार नाही असे मान्य केले. फळ काय मिळाले? २००४ मध्ये एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य तुटले होते. २०१२ मध्ये हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास आला. ह्या काळात देशाचे शेतीचे उत्पन्न घटले नाही, वाढलेच. पुढे पहारा ढिला झाला आणि २०२१ मध्ये तोड १३ हजारांवर गेली. पहारा पुन्हा बसला आणि २०२४ मध्ये ती सव्वासहा हजारांच्या घरात आली. तोड ही विधिलिखित नाही, ती राज्यकर्त्यांच्या इच्छेबरोबर वरखाली होते, हे ह्या आकड्यांवरून लख्ख दिसते. आणखी एक गोष्ट. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या शिंगू येथील आदिवासी प्रदेशाचे उपग्रहचित्र पाहावे. सभोवार शेते आणि कुरणे, आणि मध्ये अखंड हिरवा तुकडा. ज्यांना सरकारने मोजले नव्हते, त्यांनीच ते राखले आहे.

आता शेवटचा प्रश्न. ह्या सभागृहात बसलेल्या आपला ह्याच्याशी संबंध काय? संबंध आपल्या स्वयंपाकघरात आहे. भारत बाहेरून जे सोयाबीन तेल आणतो त्यात अर्जेंटिना आणि ब्राझील हे प्रमुख पुरवठादार आहेत. त्या शेतांवर पडणाऱ्या पावसात काही अंश उडत्या नद्यांचा आहे. पामतेल तर जगात सर्वाधिक आयात करणारा देश आपला. ते येते इंडोनेशिया आणि मलेशियामधून, जेथे सुमात्रा आणि बोर्निओची पर्जन्यारण्ये तोडून पामचे मळे उभे राहिले. फरसाणाच्या पुडीत आणि बिस्किटाच्या पाकिटात ते तेल असते. मी फरसाण सोडा असा उपदेश करणार नाही. तो कोणी ऐकणारही नाही. परंतु आपला व्यापारी माल कोठून घेतो, आपले सरकार कोणत्या अटीवर घेते, हे विचारणारे गिऱ्हाईक आपण होऊ शकतो. ब्राझीलच्या व्यापाऱ्यांनी २००६ मध्ये जे मान्य केले, ते गिऱ्हाइकांनी विचारल्यामुळेच.

दुसरा संबंध आपल्या सह्याद्रीत आहे. आंबोलीपासून खाली केरळापर्यंत जी सदाहरित राने आहेत, ती ॲमेझॉनच्याच जातकुळीची. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तामिळनाडूत पडणाऱ्या पावसात पश्चिम घाटातल्या झाडांनी सोडलेल्या वाफेचा मोठा वाटा आहे, आणि पाऊस कमी असलेल्या वर्षी तो वाटा वाढतो. उडती नदी आपल्या डोक्यावरूनही वाहते. घाटातला डोंगर फोडून खाण निघते, बंगल्यांची वसाहत उठते, तेव्हा त्याचा जाब विचारायला येणारा तामिळ शेतकरी आपल्याला दिसत नाही. जसा मातो ग्रोसोच्या गुरेवाल्याला पराग्वेचा शेतकरी दिसत नाही. आपल्या पूर्वजांनी देवरायांत कुऱ्हाड चालविली नाही. देवाच्या भीतीने जे राखले गेले ते आपल्याला समजुतीने राखावयाचे आहे, आणि समजूत भीतीपेक्षा दुबळी ठरू नये एवढी काळजी घ्यावयाची आहे.

येत्या जून महिन्यात आपण पावसाची वाट पाहू. तो समुद्रावरून येईल, हे शाळेत शिकलो आहोतच. वाटेत कोणकोणत्या रानांनी तो हाती घेऊन पुढे पोहोचता केला, हेही मुलांना शिकविले पाहिजे.